बोक्याचं फडकं

भिंतीवरचा बोका दिसला मात्र, पैलवानाने असा हिसका दिला की आप्पांच्या हातातली उकडलेल्या अंड्याची डबी रस्त्यावर पालथी झाली. बोका शेपूट उडवत निघून गेला. तो दिसेनासा झाल्यावरही पैलवान भुंकतच राहिला, आणि भुंकताना थरथर कापत होता.

पैलवान हे नाव लेकीने पिल्लू असताना ठेवलेलं. अंगावर मूठभर मांस नाही, दाराची बेल वाजली तरी पलंगाखाली. पण मांजर किंवा दुसरं कुत्रं दिसलं की धावून जायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा तापट नाही, भित्रा आहे. समोरच्याने काही करण्याआधी आपणच ओरडून घेतो. मांजर लांब असतानाच थांबा, गप्प राहिला की अंड्याचा तुकडा द्या, रोज एक पाऊल पुढे सरका. दोरी ओढू नका आणि आवाज चढवू नका.

आवाज न चढवणं आप्पांना जड जायचं. सगळी हयात लाकडाला पॉलिश करण्यात गेलेली. हात हलका, पण जीभ पॉलिश पेपरसारखी खरखरीत. त्या जिभेनेच घात केला होता. दोन वर्षांपूर्वी लेकीने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा "या घरात यायचं तर एकटीने यायचं," असं ते बोलून बसले. ती त्या दिवशी गेली ती गेलीच. पुढे तिचं लग्न मोडल्याचंही त्यांना तिऱ्हाइताकडून कळलं. दहादा फोन हातात घेतला आणि दहादा खाली ठेवला.

मग एके दिवशी तिनेच फोन केला. घरी यायचं म्हणत होती, कायमचं. आप्पांना भरून आलं, पण तोंडातून नुसतं "ये की" एवढंच निघालं.

"एकटी नाहीये मी, आप्पा," ती म्हणाली. "एक बोका आहे. त्याला सोडून मी यायची नाही."

आप्पांनी पलंगाखाली पाहिलं. "पैलवान त्याला फाडून खाईल गं."

"मग आधी पैलवानाची तयारी करा. मला घाई नाही."

घाई आप्पांनाच होती. ते तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सांगितलं, आधी वासाची ओळख करून द्या. त्या बोक्याच्या अंथरुणातलं फडकं मागवा, कुत्र्यापासून लांब ठेवा, आणि रोज थोडं जवळ आणा.

लेकीने फडकं पोस्टाने धाडलं, पिशवीत घट्ट बांधून. आप्पांना स्वतःला वासाचं काही कळत नसे. चाळीस वर्षांच्या स्पिरिट आणि वार्निशने त्यांचं नाक कधीच निकामी केलं होतं. त्यांनी फडकं दारापाशी ठेवलं, दोरी मनगटाला गुंडाळली आणि अंडं घेऊन बसले.

पैलवान पलंगाखालून निघाला, सरपटत गेला. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि फडक्यावर हनुवटी टेकून झोपी गेला.

त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या बोक्याला पाहून त्याने गल्ली डोक्यावर घेतली. आप्पांना कोडं पडलं. मग त्यांनीच ठरवून टाकलं की फडक्याला लेकीच्या हाताचाही वास असणार, म्हणून तो त्याच्यावर झोपला.

"तुझा बोका चांगल्या वळणाचा दिसतोय," त्यांनी फोनवर सांगितलं.

"कसलं वळण? रात्ररात्र जागवतो. नाकं ओरबाडतो लोकांची." तिच्यामागून बारीक ओरडणं ऐकू आलं. त्याला भूक लागली म्हणत तिने घाईने फोन ठेवला.

दर आठवड्याला नवं फडकं येत राहिलं. भिंतीवरचं प्रकरणही हळूहळू निवळलं. महिना भरत आला तसा पैलवान बोका दिसला की भुंकण्याऐवजी आप्पांकडे बघू लागला, अंड्यासाठी. आप्पाही मऊ बोलू लागले होते. त्यांनी पेपरवाल्याला चक्क "बाबा रे" म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, यात शिकवतंय कोण आणि शिकतंय कोण तेच कळेना.

बोक्यासाठी त्यांनी उंच काठाची लाकडी पेटी केली. लेकीने बजावलं, पॉलिश लावू नका, त्याला वास सोसायचा नाही. लाकूड कोरं ठेवणं आप्पांच्या अगदी जिवावर आलं, पण ऐकलं. नुसती घासली, आणि कुठे कुसळ राहिलंय का ते मनगट फिरवून दहा वेळा पाहिलं.

रविवारी सकाळी दारात टॅक्सी थांबली. आप्पांनी पैलवानाची दोरी आखूड धरली. लेक वाळली होती. हातात वेताची खोल टोपली, तिच्यावर ओळखीचं फडकं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तुम्ही म्हणाला होतात, एकटीने यायचं."

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले. "आण त्याला आत. तुझा आहे ना, मग हे घर त्याचंही आहे."

"नंतर शब्द फिरवाल."

"पेटी केलीय त्याच्यासाठी. अजून काय लिहून देऊ?"

तिचे डोळे भरले. ती आत आली, जमिनीवर बसली आणि टोपली मांडीवर घेतली. आप्पांनी अंड्याचा तुकडा तयार ठेवला आणि पैलवानाला "हळू रे" म्हणाले. अंड्याची गरजच पडली नाही. पैलवानाने शेपूट हलवत टोपलीच्या काठावर हनुवटी टेकली, रोज फडक्यावर टेकायचा तशी.

लेकीने फडकं बाजूला केलं. बोक्याच्या मिशा बघायला आप्पा चष्मा सावरत अगदी खाली वाकले, तेव्हा आतून एक इवलासा हात वर आला आणि त्याने पाची बोटांनी आजोबांचं निकामी नाक घट्ट पकडलं.