खेळातला घड्याळजी

“तुझा घड्याळजी पुन्हा अडकला,” दादा म्हणाला आणि त्याने कंट्रोलर सोफ्यावर टाकला.

भिंगरीने तो उचलून परत त्याच्या हातात कोंबला. उद्या शाळेच्या प्रदर्शनात तिने बनवलेला व्हिडिओ गेम लागणार होता. गेल्या वर्षी परीक्षकांनी तिच्या खेळातल्या माणसांना ‘बोलके खांब’ म्हटलं आणि अख्खा वर्ग खिदळला. तेव्हापासून तिने चंगच बांधला होता. शाळा सुटली की ती खाली आजोबांच्या घड्याळाच्या दुकानात तळ ठोकायची. भिंग कसं लावतात, काटे कसे बसवतात, सगळं तिला मुखोद्गत झालं होतं.

दादाने तक्रारींचा पाढा ताईसमोर वाचला. ताई नर्सिंग शिकायला बाहेरगावी होती, वर्षभराने आजच घरी आली होती. दुरुस्तीला घड्याळ दिलं की हा घड्याळजी विचारतो, कुणाचं हे. सांगितलं की मान डोलावतो आणि पुन्हा तेच विचारतो. मधेच उठून दारापर्यंत जातो, थोडा वेळ उभा राहतो, तसाच परत येतो. भिंग कपाळावर असताना भिंग शोधत बसतो.

“बाई गं, मान्य कर. प्रोग्राम गंडलाय. उद्या हसं होईल तुझं.”

“काही गंडलेलं नाही. मी मुद्दाम घातलंय.” भिंगरीचा आवाज चढला नाही, हनुवटी मात्र वर गेली. “खरी माणसं अशीच असतात. तुझ्यासारखी. तीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत.”

ताई हसली आणि तिने कंट्रोलर मागून घेतला. घड्याळ दिलं. कुणाचं हे, घड्याळजीने विचारलं. माझं, तिने उत्तर निवडलं. त्याने मान डोलावली, झाकण उघडलं, आत टक लावून बघत राहिला. मग मायेने वर बघून त्याने विचारलं, कुणाचं हे.

ताईचं हसू मावळलं.

“सांग ना ताई ह्याला, खरा वाटतो की नाही?”

“अगदी खरा वाटतो. तुला हे सुचलं कसं?”

“सुचतंय कुठलं,” भिंगरी विजयी मुद्रेने म्हणाली. “सगळं आजोबांचं बघून उतरवलंय. पदरचं एक अक्षर घातलं नाही.”

ताईने कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

“आजोबा असं कधीपासून करतायत?”