लाल फराटा

“कोपऱ्यातल्या मावशी तुम्हाला बोलावतायत,” वाढपी म्हणाला. “ताटाला हातही लावला नाही. नुसत्या बघत बसल्यात.”

वस्तादानं निखाऱ्यांवरची सळई उलटली. भटारखान्यात सगळे त्याला वस्तादच म्हणत. “कच्चं राहिलंय का?”

“ते कळायला आधी चाखावं लागतं.”

दुपारची गर्दी ओसरली होती. तो हात पुसत बाहेर निघाला. ती थाळी त्याच्या स्वतःच्या डोक्यातून निघाली होती. कामावर येताना पुलाखालच्या भिंतीवर त्याला रोज एक घोडा दिसायचा. कुणीतरी नावगाव न लिहिता रंगवलेला. पिवळी मान, हिरवं पोट, जांभळे पाय आणि लाल आयाळ. पण आयाळ मानेवर थांबत नव्हती. तिथून एक लाल फराटा सुटायचा तो पोट, पाय सगळं कापत थेट जमिनीपर्यंत. वस्तादाला वाटायचं, काय छाती असेल या माणसाची. एवढं देखणं चित्र काढायचं आणि आपल्याच हातानं त्याच्यावरून असा फराटा ओढायचा.

त्यानं तो घोडा सळयांवर उतरवला. पिवळी ढोबळी मिरची, हिरवी मिरची, जांभळा कांदा, मध्ये कोंबडीचे तुकडे, सगळं काळे डाग पडेपर्यंत भाजलेलं. सळया शेजारी शेजारी मांडायच्या आणि वरून लाल सॉसचा एकच फराटा. काठाबाहेर गेला तर जाऊ द्यायचा. “लोकांना खायचंय, भिंतीवर टांगायचं नाही,” मालक कुरकुरला होता. मग गिऱ्हाइकं फोटो काढायला लागली आणि मालक गप्प झाला.

फराटा मात्र सहजासहजी जमला नव्हता. नीट ओढला की मेल्यासारखा दिसायचा. शेवटी एकदा त्यानं हात ढिला सोडला, जणू तो आपला नाहीच, आणि फराटा आला. हुबेहूब. मध्येच वळलेला, खाली बारीक होत गेलेला. त्याच क्षणी त्याच्या पोटात खड्डा पडला, जिना उतरताना पायरी चुकावी तसा. मग तो खड्डा दर ताटाला पडायला लागला. झोपेतसुद्धा. तो दचकून उठायचा आणि पलंगाची कड घट्ट धरायचा. बायको म्हणायची, “पित्त झालंय तुम्हाला. ते भाजलेलं चाखणं कमी करा.”

कोपऱ्यातल्या बाई साठीच्या असाव्यात. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

“हा फराटा तुम्हीच ओढता?”

“हो मावशी. पुलाखाली एक भिंत होती, तिथून उचलला. ज्यानं काढला ना, त्याचा हात बघायला पाहिजे होता. कुठे म्हणून कचरला नाही.”

त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं.

“तो काढलेला नाही,” त्या म्हणाल्या. “आयाळ रंगवत होता. शिडी सरकली. ब्रश काही हातातून सुटला नाही. माझा धाकटा.”

वस्तादानं खुर्चीची पाठ धरली. शेजारच्या टेबलावर एक जण पावाच्या तुकड्यानं ताटातला लाल रंग निपटून खात होता. सोबतची बाई हसत त्याचा फोटो घेत होती.

“मला माहीत नव्हतं, मावशी,” तो कसाबसा म्हणाला. “आजपासून बंद. आत्ताच सांगतो मालकांना.” त्यानं ताट उचलायला हात पुढे केला.

त्यांनी काठ धरून ठेवला. “मी भांडायला नाही आले. त्या भिंतीसमोर उभं राहायचा मला धीरच होत नव्हता. परवा झाला. गेले, तर भिंत पांढरी करून टाकलेली. समोरचा चहावाला म्हणाला, आता तो घोडा त्या हॉटेलातल्या ताटातच बघायला मिळेल.”

पांढरी भिंत वस्तादानंही पाहिली होती. हळहळला होता. आणि खोटं कशाला, थोडं बरंही वाटलं होतं त्याला. घोडा आता त्याच्या एकट्याचा झाला होता. ते आठवून त्याचे कान तापले.

“बघितलात ना मग,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“ओढून झालेला बघितला. ओढताना बघायचाय.”

“नको मावशी. कशाला जिवाला त्रास?”

“तेव्हा तो एकटा होता हो,” त्या म्हणाल्या. “कुणी नव्हतं बघायला.”

वस्ताद आत गेला. नव्या ताटात सळया मांडल्या, पळी भरून घेतली आणि बाहेर येऊन ताट त्यांच्यासमोर ठेवलं. वाढपी फडका खांद्यावर टाकून दारातच थबकला. वस्तादानं हात ढिला सोडला.

पळी पिवळ्यावरून सुटली, हिरव्यावर जराशी वळली, जांभळ्यावरून बारीक होत खाली आली. त्याच्या पोटात खड्डा पडला. फराटा काठाबाहेर गेला, तेव्हा तिथे त्यांनी आपला तळहात धरलेला होता.