बारा नंबरचा रिंगपाना

माझी गाडी विकायचं मला न विचारता ठरवून मुलगा मागच्या चाकांचे ब्रेक कॅलिपर बदलायला बसला होता. "या वयात ड्रायव्हिंग पुरे," म्हणत किल्ली त्याने सकाळीच खिशात टाकली होती. पण हँडब्रेकची केबल जुन्या कॅलिपरमधून सुटेना. पक्कड झाली, हातोडा झाला, शिव्या झाल्या. "आई, बाबा कशी काढायचे गं ही?" माझं डोकंच फिरलं. "बाबा नुसती बॅटरी धरून उजेड दाखवायचे. केबल मी काढायचे!" "काहीतरीच तुझं," हसत त्याने केबल कापायला करवत उचलली. "हो बाजूला!" मी पेटीतून बारा नंबरचा रिंगपाना काढून केबलच्या मोकळ्या टोकावरून आत सरकवला. केबल अडकवून ठेवणाऱ्या क्लिपचे पसरलेले कान पान्याच्या रिंगमध्ये दबले आणि केबल अलगद बाहेर आली. त्याने करवत खाली ठेवली. "तेव्हा तू मागच्या सीटवर झोपलेला असायचास." मी काळा हात पुढे केला. "किल्ली आण इकडे."