एकच नक्षी दोनदा

"ह्यातला एक काढा, ताई. दोन्ही एकच हाईत," शिवानंद मास्तर म्हणाले.

पूर्णिमा स्टुलावर उभी होती. दातात धरलेला खिळा तिनं हातात घेतला. "दोन्ही ऱ्हातील."

"लोकं म्हणतील, फोटो कमी पडलं म्हणून एकच दोनदा लावला."

"म्हणू देत की. लागले तर दोन्ही लागतील, न्हाईतर एक बी न्हाई. समदं गुंडाळून गडमुडशिंगीला परत जाते."

मास्तरांनी दुसरा खिळा तिच्या हातात दिला. मंगळवार पेठेतल्या वाचनालयाचा हा हॉल त्यांनीच खटपट करून मिळवला होता. दूध घालणाऱ्या बाईचे फोटो कोण बघणार, असं विचारणाऱ्यांशी ते तिच्या वतीनं भांडले होते. आणि आता हीच बाई त्यांच्याशी भांडत होती!

भिंतभर निसर्गाची नक्षी मांडली होती. राधानगरीच्या जंगलातल्या नेच्याची गुंडाळी, गोगलगाईच्या पाठीवरचं वळण, फणसाचे काटे, आडव्या कापलेल्या उसातले ठिपके. प्रत्येक फोटोखाली नाव होतं. या दोन फोटोंखालीच तेवढं काही नव्हतं. काळपट राखाडी रंग, त्यावर भेगांचं जाळं, भेगांमधे फुगीर उंचवटे आणि वर पाण्याचे बारीक थेंब. डावा फोटो मोबाईलवर काढलेला, जरा धूसर. उजवा कॅमेऱ्यातला, लख्ख. मास्तरांना तो रंकाळ्याच्या काठचा वाळत आलेला गाळ वाटत होता.

फोटोंचं हे खूळ तसं जुनं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची चंद्री चरायला गेली ती परत आलीच नाही. दावणीला तेवढी एकच म्हैस. पूर्णिमानं आसपासचे सगळे गोठे पालथे घातले, मग चावडीवर जाऊन दाद मागितली. तिथं गणपतरावांनी मोठ्या मायेनं तिची समजूत घातली. गावातला सगळ्यात मोठा गोठा त्यांचा, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन. "अगं पोरी, म्हशी समद्या काळ्याच. घावली तरी तुझीच म्हणून वळखशील कशी?" सगळी चावडी हसली होती.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली आणि कुणाचा तरी जुना कॅमेरा घेऊन पानं, साली, शिंपले टिपत सुटली. म्हैस गेली ती बाईचं डोकंही घेऊन गेली, असं गाव म्हणायला लागलं. नवरा ऋतुराज मात्र म्हणायचा, "मन रमतंय न्हवं? काढू द्या." ती भेटेल त्याला एकच ऐकवायची, "निसर्ग एकदा काढलेली नक्षी पुन्हा काढत न्हाई. आपापलं अंगठं बघा."

उद्घाटनाला पूर्णिमानं हट्टानं गणपतरावांनाच बोलावलं. ते फेटा बांधून, माणसं घेऊन आले. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून म्हशी मिरवतात, त्या सगरात यंदा त्यांच्या राणीनं सगळ्यांवर ताण केली होती. तिचे फोटो काढायला त्यांनी पूर्णिमालाच हाक मारली होती. फुकट, हे सांगायला नकोच.

रिबीन कापल्या कापल्या त्यांनी विचारलं, "आमची राणी कुठं दिसंना?"

"लावलीया की, आण्णा. बघत बघत या."

ते बघत बघत निघाले, मागं सगळी गर्दी. त्या दोन फोटोंपुढं ते थांबले आणि खदाखदा हसले. "हे गं काय, पूर्णिमा? एकच चीज दोनदा?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"एकच कशी, आण्णा? दोन हाईत. नीट बघा."

चार माणसांत कुणी आपला शब्द खोडावा, हे गणपतरावांना कधीच खपलं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला आणि काचेवर बोट टेकवलं. "ही भेग हितं फुटलीया. आता हिकडं बघ, तितंच फुटलीया. ह्यो वाकडा कोपरा, ह्यो बी वाकडा. उजेड तेवढा निराळा हाय. मला शिकवतीस व्हय?"

"दोन निराळ्या चिजा सारख्या दिसत असतील."

"कशा दिसतील? तूच सांगत फिरतीस न्हवं, निसर्ग तीच नक्षी पुन्हा काढत न्हाई म्हणून? मग ही एकच चीज. आंधळा बी सांगंल!"

"नक्की, आण्णा?"

"छातीवर हात ठेवून सांगतो, चार माणसांत."

"मास्तर, ऐकलासा न्हवं? समद्यांनी ऐकलं?"

मास्तरांनी गोंधळून मान हलवली. मागून दोघं-तिघं हसत "ऐकलं, ऐकलं" म्हणाले. ऋतुराज दारापाशी जाऊन उभा राहिला होता. गणपतरावांचं बोट अजून काचेवरच होतं.

पूर्णिमानं पदर खोचला. "तर मग, आण्णा, डावीकडचं नाक माझ्या चंद्रीचं हाय, ती हरवायच्या आधी माझ्या गोठ्यात टिपलेलं. आणि उजवीकडचं पाडव्याला, तुमच्या गोठ्यात, तुमच्या राणीला ओवाळताना."