कावळ्याला दिलेला शब्द

घाटावर पिंड सुकायला लागला, तरी कावळा शिवेना. "दादा, वहिनीला मी सांभाळीन," दिराने हात जोडले. कावळा ढिम्म.

नवऱ्याचा जीव कशात अडकलाय, ते तिलाच ठाऊक होतं. फुकट जेवणाला भुलून त्याने हॉलिडे क्लबची पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेतली. खोली कधीच मिळाली नाही, मेंटेनन्स मात्र दरवर्षी उकळला. सोडा म्हणून पाया पडला, तरी हरामखोरांनी सोडलं नाही.

"अहो, क्लबचं लोढणं पोराच्या गळ्यात पडू देणार नाही मी!" ती ओरडली. कावळ्याने झडप घातली.

तेवढ्यात पोराचा फोन वाजला. मेंबर मेला की मेंबरशिप मेली, असं समजून त्यानेच सकाळी क्लबला कळवलं होतं.

"सर, वारस म्हणून तुमचं नाव लागलं. अभिनंदन!"

तिने वळून पाहिलं. कावळा जेवून उडून गेला होता.