शिष्टाई

दापोऱ्याच्या चौकात दोन भावांच्या समेटासाठी सुधाकर उभे राहिले, तशी गोदाबाई ओरडली, "राहू द्या ना, भाऊ! नाटकात तुम्ही तहाचं बोलले की लढाईच लागते." गाव हसलं. तीस वर्षं ते नाटकात दूत व्हायचे. भाषण गाजायचं, तह कधीच व्हायचा नाही. थोरल्या ललितने आठवड्यापूर्वी सामाईक विहिरीच्या मोटरीला कुलूप लावलं होतं. धाकट्या रितेशची केळी वाळत होती. सुधाकरांनी माइक बाजूला ठेवला. पल्लेदार आवाज सोडून साधंच विचारलं, "ललित, विहीर खोदताना रितेश खाली होता अन् दोर तुझ्या हातात. तेव्हा सोडला होता का रे?" ललितने खिशातून किल्ली काढली आणि भावाच्या हातात दिली. टाळ्या कडाडल्या. सुधाकर हुश्श करत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "टाळ्या नंतर वाजवा रे, पहिले मोटर चालू करा!"