बदलीवाला

परळच्या चाळीत नलूबाई आणि त्यांची सून केतकी रोज संध्याकाळी कोरियन मालिका बघत आणि वाद घालत. पहिला हिरो नायिकेला टाकून गेलेला, दुसरा तिला मुकाट सांभाळणारा.

"आई, शेवटी पहिलाच परत येतो, बघा तुम्ही," केतकी म्हणायची.

"नक्की येतो?" नलूबाई रोज विचारायच्या.

हे ऐकलं की पेपरामागे बसलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या, वसंतरावांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. नलूचं लग्न आधी ठरलं होतं ते मिलमधल्या कायम नोकरीच्या गुणाजीशी. संपात तो गावी गेला, तो परत फिरकलाच नाही. मग बापाने तिला वसंतरावांना दिली. ते त्याच मिलमधले बदली कामगार, कायमवाल्याने खाडा केला तरच काम मिळणारे. चाळीतली पोरं त्यांना 'बदली नवरा' म्हणायची. ही अजून त्या गुणाजीची वाट बघते की काय?

शेवटच्या भागात पहिला हिरो परतला आणि नायिका त्याच्याकडे धावत सुटली. नलूबाईंनी टीव्हीच बंद केला.

"का गं? आला ना तो?" वसंतरावांनी पेपर खाली न करताच विचारलं.



"आला तर आला. रोज कामावर आला तो बदलीवाला. कायम त्यालाच करायला हवं."